कौशल्य शिकलं, की सोबत मिळाली?

गरोदरपणातला ताण कमी करायचा असेल तर बाईला भावना हाताळायची कौशल्यं शिकवा, असं सांगणारे पेपर तुम्हाला भरपूर सापडतील. संशोधन प्रस्ताव लिहायला बसलं की हा विषय मोहात पाडतो: प्रश्नावल्या तयार मिळतात आणि प्रशिक्षणाला फार खर्च येत नाही. या विचारात नेमकी फट कुठे आहे, ते आज पाहू.

आधी संकल्पना. जेम्स ग्रॉस यांच्या १९९८च्या प्रारूपानुसार भावनेवर पाच ठिकाणी काम करता येतं. समजा, संध्याकाळी क्रांती चौकात ट्रॅफिक तुंबलंय. तुम्ही तो रस्ताच टाळता, ही परिस्थितीची निवड. अडकलातच तर काचा वर करून हॉर्नचा आवाज कमी करता, हा परिस्थितीत बदल. गाणी लावता, म्हणजे लक्ष वळवता. 'दहा मिनिटांनी काही बिघडत नाही' असं स्वतःला समजावता, हे पुनर्मूल्यांकन. आणि तरीही चिडलात, पण शिवी ओठांवरच थांबवलीत, तर ते प्रतिक्रियेचं नियमन.

आता हेच घाटी रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या, सातवा महिना लागलेल्या बाईला लावून बघा. दवाखान्यात कधी जायचं हे घरचे ठरवत असतील, तर पहिले दोन मार्ग तिच्या हातात कितपत आहेत? मग शिकवण्यासारखे उरतात शेवटचे तीन. म्हणजे परिस्थिती तीच, बदलायचं फक्त तिने.

मोजमापातही अडचण आहे. ग्रॉस आणि जॉन यांच्या २००३च्या प्रश्नावलीत दहा विधानं आहेत: सहा पुनर्मूल्यांकनाची, चार दमनाची. भावना बाहेर दाखवत नाही म्हटलं की दमनाचे गुण वाढतात. पण सासूसमोर राग गिळून रात्री आईला फोन करणारी बाई दमन करते की शहाणपणाने वागते? नुसतं भाषांतर करून हा प्रश्न सुटत नाही.

आपल्या शेजारचा एक चांगला प्रयोग बघा. गोव्यात गरोदर बायकांवर झालेली यादृच्छिक चाचणी २०१९मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आली. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या मापनात १० किंवा जास्त गुण असलेल्या २८० जणींचे दोन गट केले. एका गटाकडे त्याच भागातल्या, स्वतः आई असलेल्या प्रशिक्षित बायका जात आणि विचार-वर्तनावर आधारलेली सत्रं घेत. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचं प्रमाण या गटात जास्त निघालं. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मात्र ठोस फरक दिसला नाही.

हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं? 'बाहेर पडली' म्हणजे गुण ५ पेक्षा कमी. दहावरून चारावर आलेली बाई या हिशोबात बरी होते. वीसवरून सहावर आलेली होत नाही. म्हणून नुसता एक निष्कर्ष उचलून उद्धृत करू नका. दोन्ही लिहा.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे, आणि तो प्रयोगापेक्षा त्याच्या वाचनावर आहे. दुसऱ्या गटाला सुधारित नेहमीची सेवा मिळाली, पण महिनोन् महिने सोबत करणारी अशी बाई मिळाली नाही. मग फायदा कौशल्याचा, की कुणीतरी येऊन ऐकून घेतलं त्याचा? ही रचना ते वेगळं करू शकत नाही. गोव्यातल्याच २००२च्या अभ्यासात २३ टक्के आयांना बाळंतपणानंतर नैराश्य आढळलं. त्याचा संबंध गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी होणं यांच्याशी दिसला. यातलं एकही कारण श्वासाच्या व्यायामाने हटत नाही.

कौशल्यं निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाहीये. पण 'कौशल्याने ताण जातो' एवढंच वाक्य धोरणात गेलं, तर आशाताईंच्या हातात आणखी एक तक्ता येईल आणि जिचा ताण गेला नाही तिला 'सराव केला नाहीस' असं ऐकावं लागेल.

म्हणून प्रस्तावात निदान तीन गोष्टी ठेवा. फक्त सोबत आणि ऐकून घेणं मिळणारा तिसरा गट. घरातला आधार आणि निर्णयाचा हक्क यांचं मोजमाप. आणि प्रश्नावली वापरण्याआधी पाच-दहा गरोदर बायकांशी मराठीत बोलून, प्रत्येक विधानाचा त्या काय अर्थ लावतात याची नोंद. गाइड वेळ नाही म्हणाले, तर तिसऱ्यापासून सुरुवात करा. त्याला फक्त वही आणि संयम लागतो.