सात रेषांचा चेहरा

तुर्कस्तानातल्या बेक्ताशी सूफींच्या भित्तिफलकांवर एक चेहरा पुन्हापुन्हा भेटतो. उर्दू लिपी अडखळत का होईना वाचता येऊ लागल्यावर मी त्याचं छापील चित्र परत काढलं, तेव्हा त्यात ‘अली’ दिसलं. एकदा सुलट, एकदा आरशातल्यासारखं उलट. ‘ऐन’चे डोळे, ‘लाम’चं नाक, ‘ये’च्या वळलेल्या शेपटाच्या मिशा. त्याआधी मला ही नुसती करामत वाटली होती. देखण्या चित्रपुस्तकांत ती तशीच छापली जाते आणि शेजारी ‘प्रत्येक अक्षरात गूढ अर्थ’ असं एखादं वाक्य असतं. माझी तक्रार त्या वाक्याशी आहे. ते खोटं नाही, मोघम आहे.

मूळ अर्थ मोघम नव्हता. चौदाव्या शतकात अस्तराबादच्या फझलुल्लाहने हुरूफी पंथ उभा केला (हुरूफ म्हणजे अक्षरं). त्याने चक्क मोजणी केली. माणूस चेहऱ्यावर सात रेषा घेऊन जन्मतो : केसांची एक, भुवयांच्या दोन, पापण्यांच्या चार. कुराणाच्या पहिल्या सूरेत आयतीही सातच. सातला चार तत्त्वांनी गुणलं की 28, म्हणजे अरबीची अक्षरं. फारसीची मात्र 32. मग केसांचा भांग ही आठवी रेषा! हा भांग मला खटकतो. उत्तर आधी ठरवून गणित मांडल्यासारखं वाटतं. त्यांच्याआधी इब्न अरबीने (1165–1240) अक्षरांना एक समाजच मानलं होतं; त्या समाजाला त्याच्यातूनच प्रेषित मिळतात, असं म्हटलं होतं. त्या कल्पनेत कवीला वावरायला जागा आहे. फझलुल्लाहच्या हिशेबात ती कमी.

पण त्या हिशेबातून निघतं काय, ते पाहा. ईश्वराचं वचन कुणाच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं असेल, तर ते वाचून दाखवणाऱ्या अधिकारी माणसाचं काय करायचं? 1394 मध्ये तैमूरचा मुलगा मीरानशाह याने फझलुल्लाहला ठार करवलं. हुरूफी कवी नसीमीला 1417च्या सुमारास अलेप्पोत देहदंड झाला. जिवंतपणी कातडी सोलली, असं परंपरा सांगते. राजकारण त्यात होतंच, पण अक्षरांचा हा खेळ निरुपद्रवी आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा, ओंकाराच्या मात्रांनी घडलेला गणेश आठवणारच. मलाही आठवला आणि ‘आपल्याकडेही हेच’ म्हणण्याचा मोह झाला. पण तिथे अक्षरांतून देवाची मूर्ती घडते. हुरूफींना अक्षरं सापडतात ती समोर बसलेल्या न्हाव्याच्या, हमालाच्या चेहऱ्यावर. हा फरक मी पुसायला तयार नाही.

हुरूफी पंथ विखुरला, त्याचे विचार बेक्ताशींमध्ये मुरले. 1826 मध्ये सुलतान महमूद दुसरा याने बेक्ताशींवरही बंदी घातली. चेहऱ्याचे फलक मात्र लिहिले जात राहिले, आणि मला वाटतं, फझलुल्लाहला जे आकडेमोडीतून जमलं नाही ते त्यांत जमलं आहे. तिथे भांग मोजावा लागत नाही.

चित्राचा उलट ‘अली’चा भाग मी तळहाताने झाकून पाहतो. सुलट ‘अली’ स्वच्छ वाचता येतं, पण चेहरा उरत नाही. हात काढला की चेहरा परत माझ्याकडे बघायला लागतो, आणि नाव वाचायला पुन्हा थोडा वेळ लागतो.