पुराव्याची अंत्ययात्रा निघाली, पण संमतीचं काय?

कॅनडावर प्रबंधातलं एक प्रकरण आहे म्हटलं की हमखास प्रश्न येतो: तिथे आंदोलन करण्यासारखं काय आहे? बर्फ, तळी, सभ्य माणसं. तर आज त्याबद्दलच. 2006 ते 2015 या काळात तिथे स्टीफन हार्पर यांचं कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार होतं. पर्यावरण आणि समाजकल्याणाच्या धोरणांवरून या सरकारला पुरोगामी मंडळींनी जो विरोध केला, त्याचं कौतुक खूप झालंय. चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. तो विरोध कुठे भारी पडला आणि कुठे तोकडा, हे मला इथे तपासायचंय.

आधी सरकारनं काय केलं ते पाहू. 2010 मध्ये जनगणनेचा सविस्तर, सक्तीचा फॉर्म रद्द झाला आणि त्याजागी ऐच्छिक सर्वेक्षण आलं. याचा निषेध म्हणून देशाचे मुख्य सांख्यिकी अधिकारी मुनीर शेख यांनी राजीनामा दिला. मे 2011 मध्ये हार्पर यांना पूर्ण बहुमत मिळालं. त्याच डिसेंबरात कॅनडानं क्योटो करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

मग 2012 मध्ये आलं विधेयक सी-38. नावाला अर्थसंकल्पाच्या अंमलबजावणीचं विधेयक, पण पानं 400 हून अधिक आणि बदल जवळपास 70 कायद्यांत. प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यांकनाचा जुना कायदा रद्द करून नवा, आखूड कायदा आणला. मत्स्यव्यवसाय कायद्यातलं माशांच्या अधिवासाचं संरक्षण पातळ केलं. आणि याच गठ्ठ्यात वृद्धांच्या पेन्शनचं वय 65 वरून 67 करायची तरतूदही होती. नदीतला मासा आणि म्हातारपणची पेन्शन एकाच मतदानात! विरोधकांनी शेकडो दुरुस्त्या सुचवल्या, कनिष्ठ सभागृहात रात्रभर मतदान चाललं. एकही दुरुस्ती मंजूर झाली नाही. त्याच उन्हाळ्यात निर्वासितांच्या आरोग्यसेवेतही मोठी कपात झाली.

विरोधाची चौकट

आता थोडी थिअरी, घाबरू नका. डेव्हिड स्नो आणि रॉबर्ट बेनफर्ड या समाजशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये एक उपयोगी मांडणी केली. कुठल्याही चळवळीला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: बिघडलंय काय, त्यावर उपाय काय, आणि तुम्ही घराबाहेर का पडायचं. या तिन्हींची मिळून चळवळीची 'चौकट' तयार होते. चौकट म्हटली की आतलं दिसतं आणि बाहेरचं कापलं जातं, हे ओघानं आलंच.

हार्परविरोधातली सगळ्यात गाजलेली चौकट होती 'पुरावा'. 10 जुलै 2012 ला ओटावात शास्त्रज्ञांनी पांढरे कोट घालून संसदेपर्यंत चक्क अंत्ययात्रा काढली. शवपेटी होती, आणि तिच्यात 'पुरावा' होता! निमित्त अनेक होती. सरकारी शास्त्रज्ञांना पत्रकारांशी बोलायला वरून परवानगी लागत होती. ऑन्टारिओच्या वायव्येला 58 तळ्यांची एक प्रयोगभूमी आहे. 1968 पासून तिथे अख्ख्या तळ्यांवर प्रयोग होतात. फॉस्फरसमुळे तळी शेवाळानं हिरवीगार होतात, हे ठळकपणे दाखवलं गेलं ते तिथेच. तिचा निधी बंद करायचं सरकारनं ठरवलं होतं.

ही चौकट लोकांना पटली, आणि त्याला कारणं आहेत. एक तर शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरलेत हीच बातमी. दुसरं म्हणजे पुराव्याच्या विरोधात बोलायची कुणाची टाप आहे? डावा असो, मध्यममार्गी असो की जुना कॉन्झर्व्हेटिव्ह, 'निर्णय माहितीवर घ्या' याला सगळेच मान डोलावतात. शिवाय आकडेही बाजूनं होते. 2011 च्या ऐच्छिक सर्वेक्षणाला साधारण 69 टक्के प्रतिसाद मिळाला. 2016 मध्ये सक्तीचा फॉर्म परत आल्यावर तोच प्रतिसाद जवळपास 98 टक्क्यांवर गेला.

दुसरी चौकट, जिच्याकडे कमी लक्ष गेलं

त्याच वर्षाच्या शेवटी सस्कॅचवान प्रांतात चार स्त्रियांनी 'आयडल नो मोअर' ही चळवळ सुरू केली. निमित्त होतं पुढचं गठ्ठा-विधेयक, सी-45. कॅनडात 1882 पासून नौकानयनयोग्य पाण्याच्या रक्षणाचा कायदा होता. नव्या बदलानं संरक्षण एका यादीपुरतं उरलं: 97 तळी, 62 नद्या आणि तीन महासागर. लाखो तळ्यांच्या देशात 97! आदिवासींच्या राखीव जमिनी भाड्यानं देण्याचे नियमही त्याच विधेयकात सैल केले होते. डिसेंबरात मॉलमॉलमधून ढोल वाजले, लोकांनी हातात हात धरून रिंगण केलं. अटावापिस्कॅटच्या प्रमुख थेरेसा स्पेन्स यांनी 11 डिसेंबरपासून उपोषण केलं, ते जानेवारीपर्यंत चाललं.

त्यांचं म्हणणं काय होतं, ते नीट बघायला हवं. 'तुमचा अभ्यास अपुरा आहे' एवढ्यावर ते थांबत नव्हते. राजसत्तेनं आमच्या पूर्वजांशी तह केलेत, आमचे हक्क 1982 च्या संविधानात आहेत, मग आम्हाला न विचारता तुम्ही हे ठरवलंच कसं, असा त्यांचा सवाल होता. इथे चौकट 'संमती'ची आहे.

मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगायची खरं तर गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची घोषणा आपल्याला माहीत आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. त्यात जंगलाच्या आकडेवारीबद्दल एक शब्द नाही. ठरवायचं कुणी, एवढंच आहे. (मेंढ्याच्या लोकांनी जंगलाचा अभ्यासही कसून केला, हा भाग वेगळा. अभ्यास आणि अधिकार त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत.)

सरकार बदललं, मग काय परत आलं?

ऑक्टोबर 2015 मध्ये जस्टिन ट्रुडोंचे लिबरल निवडून आले. कुठली चौकट किती ताकदीची होती, याची परीक्षा खरी इथे झाली.

जनगणनेचा फॉर्म शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी परत. शास्त्रज्ञांवरची तोंडबंदी त्याच आठवड्यात उठली. तळ्यांची प्रयोगभूमी त्याआधीच, 2014 मध्ये, एका स्वतंत्र संस्थेकडे जाऊन वाचली होती. पेन्शनचं वय 2016 मध्ये पुन्हा 65 झालं, कारण त्यामागे मतदार होते. निर्वासितांची आरोग्यसेवाही परतली. तिथे डॉक्टर कोर्टात गेले होते आणि ही कपात क्रूर असल्याचं फेडरल कोर्टानं 2014 मध्येच म्हटलं होतं.

आणि संमती? हार्पर सरकारनं 2014 मध्ये मंजूर केलेली नॉर्दर्न गेटवे ही तेलवाहिनी फेडरल अपील कोर्टानं जून 2016 मध्ये अडवली. कारण फर्स्ट नेशन्सशी पुरेशी सल्लामसलत झाली नव्हती. नोव्हेंबरात ट्रुडोंनी ती कायमची नाकारली. टाळ्या वाजवाव्यात, तर त्याच दिवशी त्यांनी ट्रान्स माउंटनच्या विस्ताराला मंजुरी दिली. 2018 मध्ये सरकारनं ती वाहिनीच 4.5 अब्ज डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी कोर्टानं विस्ताराची मंजुरी रद्द केली, कारणांमध्ये पुन्हा सल्लामसलत. सरकारनं सल्लामसलत पुन्हा केली, 2019 मध्ये मंजुरी पुन्हा दिली. मे 2024 पासून त्या विस्तारित वाहिनीतून तेल वाहतंय.

म्हणजे 'विचारा' याचा अर्थ 'आणखी एकदा बैठक घ्या' इतकाच उरला. 'नाही' म्हणायचा अधिकार त्यात कुठेच नव्हता. पाण्याच्या कायद्याचंही तसंच काहीसं. 2019 मध्ये तो सुधारला, संरक्षणाची व्याप्ती वाढली, पण यादीची पद्धत काही पूर्ण गेली नाही.

मग पुराव्याचा आग्रह चुकीचा होता का?

अजिबात नाही. तो आग्रह नसता तर जनगणनाही गेली असती आणि तळीही. सरकारी नोकरीतल्या शास्त्रज्ञाला 'माहिती दाबू नका' म्हणणं जितकं शक्य असतं, तितकं 'ही वाहिनी नको' म्हणणं नसतं, हेही मान्य. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. विरोधी पक्षांनी आणि मोठ्या पर्यावरण संस्थांनी हीच चौकट सगळ्यात पुढे ठेवली, कारण ती कुणालाच टोचत नव्हती. आणि जी कुणालाच टोचत नाही, ती पुढच्या सरकारला पाळायलाही सोपी जाते. ट्रुडो सरकारनं शास्त्रज्ञांना बोलू दिलं, अहवाल खुले केले, आणि तेलवाहिनी बांधली. पुराव्याच्या चौकटीत बसूनच हे सगळं करता येतं. अभ्यास उत्तम, निर्णय आमचा!

पुरावा सांगतो की नदीत तेल सांडलं तर काय होईल. तो धोका पत्करायचा की नाही हे कुणी ठरवायचं, ते पुराव्यातून निघत नाही. तो राजकीय प्रश्न आहे आणि तो राजकीय म्हणूनच मांडावा लागतो.

हे आपल्यापासून लांबचं नाही. 2013 मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखानं नकार दिला आणि तो नकार टिकला, कारण वनहक्क कायद्यानं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ठरवायची जागा दिली होती. 2022 च्या वनसंवर्धन नियमांवर आक्षेप आला तो याच जागेवरून: केंद्राची मंजुरी आधी आणि ग्रामसभेचा प्रश्न नंतर, तोही राज्याच्या गळ्यात.

म्हणून एखाद्या पर्यावरणविरोधी धोरणाला विरोध करणारं निवेदन हातात आलं, की मी हल्ली त्यात एक गोष्ट शोधते. उद्या सरकार बदललं आणि या निवेदनातली प्रत्येक मागणी मान्य झाली, तर ज्यांची जमीन आणि पाणी जाणार आहे त्यांना 'नाही' म्हणता येईल का? निवेदनात त्याचं उत्तर नसेल, तर सही करण्याआधी एक ओळ वाढवून मागायला हरकत नाही.