जलसा, जाहिरात आणि मालकी

1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. जाहिरातीच्या जागेलाही जात असते, हे चळवळीला तेव्हाच कळले.

आज असा नकार कोणी देत नाही. आर्वीतील माझा विद्यार्थी भीमगीत म्हणतो, मोबाइलवर त्याचे चित्रण करतो आणि यूट्यूबवर टाकतो. त्याला संपादकाची परवानगी लागत नाही की स्टुडिओचे भाडे. ज्यांच्या हाती कधी पाटी आली नाही, त्या माझ्या घरच्या माणसांना हे खरेही वाटले नसते. हे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु दार उघडले म्हणजे घर आपले झाले काय?

या माध्यमाचा व्यवहार तपासला पाहिजे. यूट्यूब 2006 पासून गूगलच्या मालकीचे आहे. गाण्याआधी कोणती जाहिरात लागावी याचा लिलाव क्षणात होतो. त्यात विकले जाते ते गाणे नव्हे, ऐकणाऱ्याचे लक्ष. लांबीच्या चित्रणावरील जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर सर्वसाधारणपणे 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचे प्रेक्षण लागते. ही अट पुरी झाली की 55 टक्के निर्मात्याला, 45 टक्के कंपनीला. जे अट पुरी करू शकत नाहीत, त्यांच्या चित्रणावरही जाहिरात लावण्याचा हक्क कंपनीने 2021 पासून आपल्याकडेही घेतला आहे. त्यांना त्यातला छदामही मिळत नाही. आर्वीच्या बाजारात कापूस नेणाऱ्याला हा हिशेब नवा नाही. माल त्याचा, काटा दुसऱ्याचा आणि भावही दुसऱ्याचा.

दूरचित्रवाणीही यातून सुटलेली नाही. 2019 साली 'स्टार प्रवाह'वर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली, याचा आपल्याला आनंद झाला. ती वाहिनी नोव्हेंबर 2024 पासून रिलायन्सच्या नियंत्रणाखाली आहे. मोबाइलचे जाळेही त्याच समूहाचे. मालिका आणि ती पाहण्याचा रस्ता, दोन्ही एकाच हाती आले.

याचा परिणाम केवळ पैशावर होत नाही, कलेच्या रूपावरही होतो. भीमराव कर्डकांचा जलसा आणि वामनदादा कर्डकांचे (1922-2004) गाणे वस्तीत, माणसांसमोर उभे राहिले. तेथे श्रोता हा चळवळीचा सोबती होता, गिऱ्हाईक नव्हता. जलशात गाण्याबरोबर संवाद होता, थट्टा होती, बोचरा सवाल होता. आता पहिल्याच ओळीत ठेका धरला नाही, तर बोट पुढे सरकते. म्हणून जयजयकार उरतो आणि विचार गळतो. अनेकदा कवीचे नावही गळते. आणि आपले समीक्षक? तेही किती जणांनी पाहिले एवढेच मोजतात. आकडा म्हणजे मूल्य नव्हे, हे आपण नाही सांगायचे तर कोणी?

माध्यम सोडा, असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी नकारापुढे हात जोडले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता' काढले, स्वतःचा छापखाना उभारला. लेखणीइतकेच महत्त्व त्यांनी मालकीला दिले. आपल्या गायकांनी गाण्याचे हक्क सही करून देण्यापूर्वी करार वाचून घ्यावा. कवीचे नाव प्रत्येक चित्रणावर असावे. प्रत्येक गाण्याची प्रत आपल्या ग्रंथालयात राहावी. आणि वर्षातून एकदा तरी जलसा वस्तीत, मधे जाहिरात न येता, पूर्ण ऐकला जावा.