व्हिडिओ गेममधील संगीताचे पुनर्वादन आणि स्वामित्वहक्क : एक चिकित्सा

प्रस्तावना : व्हिडिओ गेममधील संगीत ही खेळाला पूरक अशी दुय्यम निर्मिती होय, हा समज आता टिकण्यासारखा राहिलेला नाही. कोजी कोंडो यांनी १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी रचलेली धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत समाविष्ट केली. तत्पूर्वी, २०२२ मध्ये, ‘द एट-बिट बिग बँड’ने ‘कर्बी सुपर स्टार’ या खेळातील एका रचनेच्या केलेल्या जॅझ संयोजनास ग्रॅमी पुरस्कार लाभला होता. पुनर्वादन म्हणजे केवळ नक्कल नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. कायदा मात्र या कलेला कितपत जागा देतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कायदेशीर स्थिती : अमेरिकन स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ११५ नुसार एखादी संगीतरचना हक्कधारकाच्या संमतीने ध्वनिमुद्रणरूपात त्या देशात वितरित झाली, की ठरावीक स्वामित्वधन देऊन कोणासही तिचे नवे ध्वनिमुद्रण करता येते, हक्कधारकास नकार देता येत नाही. तथापि, दृश्यासोबत येणारा ध्वनी या कायद्याच्या व्याख्येत ‘ध्वनिमुद्रण प्रत’ ठरत नाही. परिणामी, जी धून केवळ खेळातच ऐकू येते आणि स्वतंत्र अल्बमरूपाने प्रसिद्ध झालेली नाही, तिला हा परवाना लागू करणे कठीण होते. पुनर्वादनाची चित्रफीत करावयाची झाल्यास स्वतंत्र परवानगी आवश्यक ठरते.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-क (इंग्रजी पाठातील ३१-सी) ने अशा ध्वनिमुद्रणास परवाना दिला. परंतु मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षांची प्रतीक्षा आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन या अटी हौशी वादकाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

मूल्यमापन : येथे दोन विसंगती जाणवतात. एक, वादकाचा हक्क रचनेच्या स्वरूपावर नव्हे, तर कंपनीने अल्बम काढला की नाही या व्यापारी निर्णयावर अवलंबून राहतो. दोन, कलम ११५ शैलीनुसार संयोजनास मुभा देते. मात्र मूळ धून वा तिचे मूलभूत स्वरूप बदलू देत नाही. म्हणजेच संयोजन जितके सर्जनशील, तितके ते कायद्याच्या दृष्टीने असुरक्षित. याउलट, गेम बॉयवरील ‘टेट्रिस’मध्ये वापरलेली ‘कोरोबेइनिकी’ ही रशियन लोकधून सर्वांची असल्याने तिचे मुक्त पुनर्वादन होऊ शकते. मात्र खेळातील विशिष्ट संयोजन तसेच्या तसे उचलता येत नाही.

हक्कधारकाच्या बाजूचा युक्तिवादही दुर्लक्षणीय नाही. आपली रचना कोणत्या रूपात लोकांपुढे यावी, हे ठरविण्यात निर्मात्याचे हित असते. परंतु जपानी कायद्याच्या कलम १५ नुसार नोकरीत केलेल्या कामाचा कर्ता सामान्यतः कंपनीच मानली जाते. अशा वेळी नकाराधिकार संगीतकाराच्या प्रतिष्ठेचे रक्षण करतोच, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष : मोबदला आणि नकार या दोन बाबी वेगळ्या मानल्या पाहिजेत. रचना कोणत्याही माध्यमातून जनतेसमोर आली, की मोबदल्याच्या अटीवर पुनर्वादनाचा परवाना मिळावा. अन्यथा ज्या धुनी एका पिढीच्या स्मृतीत रुजल्या, त्या तिलाच वाजविता येणार नाहीत.