बारामतीच्या मतदाराची अलिखित बखर

बारामती हें नांव मराठी वाङ्‌मयांत गाजलें तें मोरोपंतांमुळें. बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहून पंतांनीं तेथें एकच रामकथा शंभराहून अधिक परींनीं सांगण्याचा संकल्प केला. आज त्याच गांवाचें नांव निघालें म्हणजे रसिकांसहि आर्येऐवजीं निवडणूक आठवते. आणि या निवडणुकीची कथा मात्र सर्वत्र एकाच परीनें सांगितली जाते! एक घराणें, त्याचा उदय, त्याचा विस्तार आणि शेवटीं त्यांतील फूट, एवढाच काय तो बारामती मतदारसंघाचा इतिहास, असें वाचकास वाटूं लागतें. या पद्धतीविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

ज्यांना केवळ निकालांची यादी वाचण्याचा कंटाळा नाहीं, त्यांस निराळेंच चित्र दिसेल. 1957 सालीं येथून केशवराव जेधे लोकसभेवर गेले. शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकीं ते एक. पण तोंवर ते पुन्हां काँग्रेसमध्यें परतले होते. 1959 मध्यें त्यांचें निधन झालें व 1960 च्या पोटनिवडणुकींत आणि 1962 सालीं गुलाबराव जेधे विजयी झाले. 1967 सालीं तुळशीदास जाधव, 1971 सालीं र. के. खाडिलकर, 1977 च्या लाटेंत जनता पक्षाचे संभाजीराव काकडे, 1980 सालीं इंदिरा काँग्रेसचे शंकरराव पाटील! तेवीस वर्षांत सहा निरनिराळीं माणसें या मतदारसंघानें दिल्लीस धाडिलीं. शरद पवार 1967 पासून बारामतीचे आमदार होते आणि 1978 सालीं मुख्यमंत्रीहि झाले. तथापि लोकसभेची जागा त्यांच्या स्वतःच्या नांवावर आली ती 1984 सालीं. त्यानंतरहि 1985 च्या पोटनिवडणुकींत पुन्हां काकडे आणि 1989 सालीं पुन्हां पाटील निवडून आले. एकाच घराण्याचें अखंडसें वर्चस्व म्हणावयाचें तर तें 1991 पासूनचें. त्यांतहि 1994 सालीं बापूसाहेब थिटे यांचें नांव मध्यें येतेंच.

मग एवढा वैविध्यपूर्ण पूर्वार्ध कथेंतून गळतो कां? आमच्या मतें दोष लेखकांच्या हेतूचा नसून त्यांनीं पतकरलेल्या वाङ्‌मयप्रकाराचा आहे. चरित्र आणि आत्मचरित्र यांस नायक लागतो. आणि नायक एकदां ठरला कीं, त्याच्या पूर्वीचें सर्व प्रस्तावना होतें व भोंवतालचें सर्व नेपथ्य. शरद पवारांचें 'लोक माझे सांगाती' हें 2015 सालीं निघालेलें आत्मकथन घ्या. 1960 च्या पोटनिवडणुकींत त्यांचे वडील बंधु वसंतराव हे शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते आणि कॉलेजांत शिकणारे शरदराव मात्र काँग्रेसच्या प्रचारांत होते, हा प्रसंग त्यांनीं सांगितलेला सर्वांस ठाऊक आहे. वाचक या प्रसंगाकडे भावी पुढाऱ्याच्या निष्ठेची पहिली कसोटी म्हणून पाहतो, आणि आत्मचरित्रांत तसें होणें स्वाभाविकच आहे. परंतु त्याच प्रसंगास दुसरी बाजूहि आहे. काटेवाडीच्या एका घरांत तेव्हां दोन मतें नांदत होतीं, आणि त्यांतील कोणतें घ्यावें हें ठरविणारा तिसराच कोणी होता. त्या तिसऱ्याचें, म्हणजे मतदाराचें, मनोगत कोणी लिहून ठेविलें?

शेजारच्या इंदापुरानें तर या एकसुरी कथेस उघड छेद दिला आहे. शंकरराव पाटलांचे पुतणे हर्षवर्धन पाटील यांस तेथील मतदारांनीं 1995, 1999 आणि 2004 अशा तीन वेळां अपक्ष म्हणून विधानसभेवर पाठविलें. पुढें 2014 पासून तीन निवडणुकांत त्यांसच दत्तात्रय भरणे यांच्याकडून हार पत्करावी लागली. घराण्याचें नांव येथें ना पुरतें तारक ठरलें, ना पुरतें मारक.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. घराण्याचें कर्तृत्व खरें नाहीं काय? सहकारी कारखाने, शिक्षणसंस्था व रस्ते हीं कांहीं आपोआप उगवलीं नाहींत, हें आम्हीहि मानतों. परंतु नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकांतला आहे. कालव्याखालचा ऊंसवाला आणि त्याच तालुक्याच्या जिराईत पट्ट्यांत टँकरची वाट पाहणारा शेतकरी यांचीं मतें एकाच कारणानें पडलीं असतील काय? पुढाऱ्याच्या चरित्रांत या प्रश्नास जागा नसते. मतदारसंघाच्या इतिहासांत मात्र तोच पहिला प्रश्न असला पाहिजे.

2024 सालानें या प्रश्नाची निकड सिद्ध केली. मे महिन्यांतील मतदानांत सुप्रिया सुळे यांनीं सुनेत्रा पवारांचा 1,58,333 मतांनीं पराभव केला. त्यांत बारामती विधानसभा क्षेत्राचें मताधिक्य चाळीस हजारांहून अधिक होतें, आणि इंदापूरहि त्यांच्याच बाजूस होतें. नोव्हेंबरांत त्याच बारामतीनें अजित पवारांस पुतण्या युगेंद्र यांच्याविरुद्ध एक लाखाहून अधिक मताधिक्य दिलें, आणि इंदापुरानें अजित पवारांच्याच पक्षाचे भरणे निवडले. "घर दुभंगलें" असें सर्वांनीं लिहिलें. तें 1960 सालींहि दुभंगलें होतें, ही आठवण थोड्यांस झाली. आणि सहा महिन्यांत मतदारानें दिल्लीसाठीं एक व मुंबईसाठीं दुसरा असा जो विवेक केला, त्याचा अर्थ लावण्याचे कष्ट त्याहून थोड्यांनीं घेतले. त्यास कोणी चंचल म्हणेल. आम्हांस तो हिशेबी दिसतो.

पंतांच्या शंभर रामायणांत राम एकच होता, तरी प्रत्येक वेळीं सांगण्याची रीत पालटली. बारामतीची कथा पुन्हां सांगूं इच्छिणाऱ्या लेखकानें एवढें धाडस करावें: या खेपेस नायकच पालटावा. मतमोजणीच्या रात्रीं ज्याच्या गळ्यांत हार पडत नाहीं, ज्याचें नांव केवळ मतदार-यादींत असतें, त्याच्यापासून आरंभ करावा. तसें पुस्तक निघेल त्या दिवशीं त्याचें परीक्षण आम्ही मोठ्या आनंदानें करूं.