‘सुटी’ या शब्दाची अपुरेपणा झाकणारी सोय : अतिवृष्टीच्या दिवशीच्या महाविद्यालयीन सूचनांचे परीक्षण

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे, पालघर, रायगड या भागांतील महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर, आणि हल्ली त्याहून अधिक भ्रमणध्वनींच्या पडद्यांवर, एका विशिष्ट प्रकारचे लेखन दिसू लागते. ते तीन-चार ओळींचे असते, त्याचे आयुष्य एका दिवसाचे असते आणि ते लिहिणाराचे नाव कोणी लक्षात ठेवीत नाही. भाषेच्या अभ्यासकाने दखल घ्यावी असे त्यात काही नाही, असे सकृद्दर्शनी वाटेल. परंतु ज्या लेखनावर विसंबून हजारो मुलेमुली तुंबलेल्या पाण्यात पाऊल टाकावयाचे की नाही हे ठरवितात, ते लेखन आम्ही तपासावयाचे नाही, तर कोणते तपासावयाचे? प्रस्तुत लेखात या सूचनांच्या भाषेचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. अतिवृष्टीच्या दिवशी महाविद्यालयांच्या कारभारात जो गोंधळ उडतो, त्याचे सारे खापर पावसावर फोडता येणार नाही. त्यातील बराच भाग सूचनेच्या वाक्यरचनेतच दडलेला असतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या सूचनांचा घाट सर्वत्र जवळजवळ एकच आहे. कोणत्याही एका संस्थेकडे बोट दाखविण्याचा हेतू नसल्यामुळे त्या घाटाचा एक नमुना येथे रचून देतो : ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, अतिवृष्टीमुळे आज महाविद्यालयास सुटी जाहीर करण्यात येत आहे. परीक्षांबाबत यथावकाश कळविण्यात येईल. विद्यार्थ्यांनी परिस्थिती पाहून आवश्यक ती खबरदारी घ्यावी.’ व्याकरणदृष्ट्या या तीन वाक्यांत चूक काढता येणार नाही. तरीही ‘अतिवृष्टी’, ‘आज’, ‘सुटी’ आणि क्रियापदांची रचना, या चारही ठिकाणी अर्थ निसटतो. त्यांचा क्रमाने विचार करू.

(१) अतिवृष्टी. हा शब्द ऐकण्यास निश्चित वाटतो, पण त्यामागे दोन निरनिराळी मापे उभी आहेत. महाराष्ट्राच्या महसूल खात्याच्या व्यवहारात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’ झाली असे धरतात. पीकनुकसानीचे पंचनामे याच मापाने होतात. भारतीय हवामान खात्याची प्रतवारी याहून वेगळी आहे. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर ही तेथे पहिली जोरदार श्रेणी, ११५.६ ते २०४.४ ही दुसरी आणि २०४.५ व त्यापुढील तिसरी. म्हणजे महसुली ‘अतिवृष्टी’ जेथे सुरू होते, तेथे हवामान खात्याच्या तीन पायऱ्यांपैकी केवळ पहिली पायरी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यालाही अतिवृष्टी म्हणावयाचे आणि ७० मिलिमीटरांच्या पावसालाही तेच नाव द्यावयाचे, तर त्या नावाला निर्णयाच्या दृष्टीने अर्थ उरत नाही. शिवाय त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७४ मिलिमीटरच पाऊस झाला होता. एका शहराच्या दोन टोकांना एकाच दिवशी इतके अंतर असू शकते. सूचनेत मात्र ‘मुंबईत अतिवृष्टी’ एवढेच असते.

हवामान खात्याच्या रंगांचेही असेच झाले आहे. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे चार रंग वस्तुतः कृतीच्या पायऱ्या आहेत : काही करण्याची गरज नाही, लक्ष ठेवा, सिद्ध राहा, कृती करा. आपल्याकडे पिवळा, नारिंगी व लाल या तिघांनाही सरसकट ‘इशारा’ म्हणतात आणि प्रत्येक रंगाशी जोडलेले क्रियापद गाळून टाकतात. नारिंगी रंगाच्या दिवशी महाविद्यालयाने नेमके काय सिद्ध ठेवावयाचे, हे म्हणून कोणत्याच सूचनेत वाचावयास मिळत नाही.

(२) आज. भाषाशास्त्रात ज्या शब्दांचा अर्थ बोलणाराच्या स्थळकाळावाचून ठरत नाही, अशा शब्दांचा एक स्वतंत्र वर्ग मानतात. ‘येथे’, ‘मी’, ‘आज’, ‘उद्या’ हे त्या वर्गातील शब्द होत. सूचना फलकावर चिकटविली जात होती, तोवर ‘आज’ म्हणजे कोणता दिवस हे फलकच सांगत असे. आता तीच सूचना एका हातातून दुसऱ्या हातात जाते, मध्यरात्र ओलांडते, प्रसंगी वर्षभराने पुन्हा उगवते. रात्री अकरा वाजता लिहिलेले ‘उद्या सुटी’ सकाळी सहा वाजता वाचणाऱ्या मुलीने कोणता दिवस समजावा? दिनांक, वार व सूचना काढल्याची वेळ या तीन गोष्टी नसलेली सूचना ही अपूर्ण वाक्यासारखीच मानली पाहिजे.

वेळेचा प्रश्न केवळ अर्थाचाही नाही. ८ जुलै २०२४ रोजी मुंबईत रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. महानगरपालिकेने शाळा-महाविद्यालयांच्या पहिल्या सत्रास सुटी जाहीर केली आणि पुढील सत्राचा निर्णय परिस्थितीचा आढावा घेऊन कळवू असे सांगितले. रात्रीच्या पावसाचा निर्णय पहाटेच होणार, हे उघड आहे. त्याबद्दल कोणास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु कसारा ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १२० किलोमीटरांचे आहे. सकाळी साडेसातच्या तासिकेस येणारी तिकडची विद्यार्थिनी पाचच्या आतच घर सोडते. तिच्या दृष्टीने सात वाजता निघालेली सूचना ‘आज येऊ नका’ असे सांगत नाही. ‘तुम्ही आलात ते व्यर्थ’ असे सांगते. शब्द तेच असतात, पण ऐकणारा कोठे उभा आहे यावर त्यांचा अर्थ बदलतो. प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात असे विद्यार्थी बंद फाटकाबाहेर भिजत उभे राहिलेले पाहिले आहेत. पहारेकऱ्यास ‘सुटी आहे’ एवढेच कळविलेले होते; आलेल्यांचे काय करावयाचे, हे कोणी सांगितलेले नव्हते.

(३) सुटी. येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. मराठी ‘सुटी’ हा शब्द ‘सुटणे’ या धातूच्या परिवारातला. हिंदीतील ‘छूटना’, ‘छुट्टी’ हे त्याचे सगोत्र. मूळ कल्पना बंधनातून मोकळे होण्याची. दिवाळीच्या सुटीस ती शोभते. अतिवृष्टीच्या दिवशी मात्र हाच एक शब्द तीन निरनिराळ्या निर्णयांवर पांघरूण घालतो : तासिका स्थगित करणे, महाविद्यालयाचे आवार बंद ठेवणे, आणि आवारात असलेल्यांना बाहेर पाठविणे. पहिला निर्णय अध्यापनाचा, दुसरा वास्तूचा, तिसरा माणसांच्या जीविताचा. तिन्ही एकाच वेळी योग्य असतीलच असे नाही. किंबहुना पुष्कळदा नसतात.

२६ जुलै २००५ चाच दाखला घ्यावा. त्या दिवशी पावसाचा मुख्य जोर दुपारनंतरचा होता. सकाळी घराबाहेर पडलेली माणसे ठिकठिकाणी अडकली. कित्येकांनी कचेऱ्यांत, शाळा-महाविद्यालयांत रात्र काढली. कित्येक कमरेइतक्या पाण्यातून चालत निघाले. अशा वेळी दुपारी दोन वाजता ‘सुटी’ देणे म्हणजे आसऱ्याची जागा हिरावून घेऊन माणसांना धोक्याच्या दिशेने मोकळे करणे होय. त्या घडीस हवी असलेली आज्ञा अगदी उलट आहे : तासिका बंद, परंतु दारे उघडी. ‘सुटी’ या शब्दात ही आज्ञा मावत नाही. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत दुपारच्या सत्रापुरती सुटी जाहीर झाली. दुपारी यावयाचे होते त्यांना ‘येऊ नका’ असा तिचा अर्थ स्पष्ट होता. परंतु सकाळच्या सत्रास येऊन बसलेल्यांनी तात्काळ निघावे की थांबावे, याचे उत्तर ‘सुटी’ हा शब्द स्वतःहून देऊ शकत नाही. ते ज्या त्या संस्थेनेच वेगळ्या वाक्यात द्यावे लागते.

या संदर्भात एका जुन्या पारिभाषिक शब्दाची आठवण होते. धर्मशास्त्रात ‘अनध्याय’ नावाचे एक प्रकरणच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वीज, मेघगर्जना आणि पाऊस एकत्र आले असता अध्ययन थांबवावे असे सांगितले आहे. भूकंप, उल्कापात, धुळीचे वादळ यांचाही तेथे उल्लेख आहे. त्या नियमांचा हेतू धार्मिक होता, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा नव्हता. आणि ते अध्ययन समाजातील फार मोठ्या वर्गास बंद होते, हेही विसरता येत नाही. त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. लक्ष वेधावयाचे आहे ते परिभाषेकडे. ‘अनध्याय’ हा शब्द काय थांबते तेवढेच सांगतो, अधिक काही सुचवीत नाही. घटना घडली त्या घटकेपासून दुसऱ्या दिवशीच्या त्याच घटकेपर्यंत चालणाऱ्या अनध्यायास ‘आकालिक’ म्हटले आहे. सूर्याचा किंवा नक्षत्रांचा प्रकाश असेतो चालणाऱ्यास ‘सज्योति’. म्हणजे आरंभ आणि अवधी शब्दातच बांधलेले आहेत. शिवाय वेदांगांच्या अभ्यासास व नित्य स्वाध्यायास अनध्याय लागू नाही असे दुसऱ्या अध्यायात सांगून व्याप्तीही आखून दिली आहे. कारण, आरंभ, अवधी आणि व्याप्ती ही चार अंगे त्या परिभाषेने वेगळी ओळखली होती. आमच्या आजच्या सूचनेत त्यांपैकी एक कारण तेवढे असते, आणि तेही संदिग्ध असते.

(४) क्रियापदे. नमुन्यातील तीन वाक्ये पुन्हा वाचावीत. ‘कळविण्यात येते’, ‘जाहीर करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येईल’ : राज्यव्यवहाराच्या मराठीत रुळलेली ही रचना कर्त्यास पडद्याआड ठेवते. सुटी कोणी दिली? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. मुंबईत असे निर्णय बहुधा महानगरपालिकेकडून जाहीर होतात. परीक्षा पुढे ढकलण्याचा अधिकार विद्यापीठाचा. आणि आपल्या आवारापुरता विवेक प्राचार्यांचा. सूचनेतून हे चारही कर्ते लुप्त झालेले असतात. विद्यार्थ्यास शंका आली तर कोणास विचारावयाचे, हेही त्यामुळे कळत नाही.

आता शेवटचे वाक्य पाहावे : ‘विद्यार्थ्यांनी परिस्थिती पाहून आवश्यक ती खबरदारी घ्यावी.’ संपूर्ण सूचनेत स्पष्ट कर्ता येतो तो येथेच, आणि तो विद्यार्थी असतो. क्रियापदही विध्यर्थी, कर्तव्य सांगणारे. संस्था जे करते ते कर्त्यावाचून होते. विद्यार्थ्याने जे करावयाचे त्याला मात्र कर्ता आहे. जबाबदारीची ही वाटणी कोणी मुद्दाम केली असेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु वाक्यरचना हीच वाटणी करते, आणि पुढे हजेरीचा किंवा बुडालेल्या चाचणीचा प्रश्न उपस्थित झाला की व्यवहारही तिच्याच मागे जातो. ज्याने ‘परिस्थिती पाहून’ घरी राहण्याचे ठरविले, त्यास ७५ टक्के उपस्थितीचा नियम दाखविला जातो.

यावर असा आक्षेप येण्याचा संभव आहे की, आभाळ फाटलेले असताना शब्दांचा काथ्याकूट करण्यास कोणास सवड आहे? आक्षेप अगदीच निराधार नाही. पहाटे सहा वाजता निर्णय घेणाऱ्या प्राचार्यांपुढे पुरेशी माहिती नसते. सुटी दिली आणि पाऊस आला नाही तर हसे होते; दिली नाही आणि पाणी भरले तर शिव्याशाप मिळतात. परंतु म्हणूनच ही वाक्ये पावसाळ्यापूर्वी, शांत चित्ताने रचून ठेवली पाहिजेत. संकटाच्या क्षणी माणूस हाताशी असलेलेच वाक्य उचलतो, आणि आज हाताशी असलेले वाक्य वर दाखविल्याप्रमाणे सदोष आहे.

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे, म्हणून एक पर्यायी मसुदा सुचवितो : ‘मंगळवार, दि. अमुक. सूचनेची वेळ : सकाळी ५.००. महानगरपालिकेच्या आदेशानुसार प्राचार्य कळवितात की, आज सकाळी ७.०० ते दुपारी १२.३० या वेळेतील तासिका व चाचण्या होणार नाहीत. आजची अनुपस्थिती मोजली जाणार नाही. जे घरी आहेत त्यांनी निघू नये. जे वाटेत आहेत त्यांनी जवळच्या सुरक्षित ठिकाणी थांबावे. जे महाविद्यालयात पोहोचले आहेत त्यांच्यासाठी ग्रंथालय व उपाहारगृह उघडे आहे. रेल्वे सुरळीत होईपर्यंत कोणासही बाहेर पाठविले जाणार नाही. दुपारच्या सत्राचा निर्णय प्राचार्य १०.०० वाजता कळवितील.’ या मसुद्यात ‘सुटी’ हा शब्द नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. विद्यार्थी एकजिनसी समूह नसून घरी, वाटेत आणि आवारात अशा तीन ठिकाणी विभागलेले असतात, एवढी जाणीव मसुद्याने ठेवली आहे. संस्थेची वाक्येही कर्त्यासह आली आहेत.

अर्थात ‘उघडे आहे’ असे लिहिल्याने ग्रंथालय उघडत नाही; किल्ली असलेला मनुष्य तेथे असावा लागतो, आणि त्याचे घर कदाचित त्याच पाण्यात असते. शिक्षकेतर सेवकांपैकी कोणी यावे, कोणी येऊ नये, हा प्रश्न आमच्या सूचनांनी आजवर विचारलेलाच नाही. परंतु ‘सुटी’ असे लिहिले की तो विचारण्याचे कारणच उरत नाही. ‘उघडे आहे’ असे लिहावयाचे झाले, तर लिहिणारास आधी किल्लीची व्यवस्था लावावी लागते. भाषेच्या सुधारणेपासून एवढ्याच उपयोगाची अपेक्षा आहे. विद्यापीठातील भाषाविभागांनी पुढील जूनपूर्वी संलग्न महाविद्यालयांसाठी असे मसुदे सिद्ध करून द्यावेत, अशी सूचना करून हे विवेचन संपवितो.