हॉवर्डचें उद्याननगर : बाग आणि जमाखर्च

कांहीं ग्रंथांचा घात त्यांच्या नांवानेंच होतो. पार्लमेंटांतील भाषणें टिपून घेणारा लघुलेखक एबनेझर हॉवर्ड यानें 1898 सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याचें नांव ‘उद्यां : खऱ्या सुधारणेचा शांततामय मार्ग’ अशा अर्थाचें होतें. 1902 च्या आवृत्तींत तें ‘उद्यांचीं उद्याननगरें’ असें झालें. सुधारणा गेली, उद्यान राहिलें. आणि पुढें वाचकांनींही नेमकें तसेंच केलें.

वाढतें शहर शेताच्या बांधाशीं येऊन भिडलें म्हणजे तेथील जमिनीचें काय करावें, हा या ग्रंथाचा विषय. 6,000 एकर जमीन घ्यावी, मध्यें 1,000 एकरांवर सुमारें 30,000 लोकांचें नगर वसवावें, आणि भोंवतालच्या 5,000 एकरांवर शेती, कुरणें व फळबागा कायम राखाव्या, ही त्याची योजना. नकाशे मोहक आहेत खरे. परंतु ग्रंथाचा प्राण आहे तो हिशेबाच्या रुक्ष प्रकरणांत. जमीन शेतीच्या भावानें, म्हणजे एकरीं 40 पौंडांनीं घ्यावी. ती विश्वस्तांच्या हातीं असावी. वस्तीमुळें तिचें मोल वाढेल, तें भाड्याच्या रूपानें नगराच्या तिजोरींत यावें. आणि कर्ज फिटत जाऊन उरेल त्यांतून रस्ते, शाळा व बागा यांचा खर्च चालावा. मोल वाढतें तें अनेकांच्या येण्यानें. मग त्याचा धनी एकटा मालक कां, हा हॉवर्डचा प्रश्न आहे.

तो प्रश्न पुस्तकी नव्हता, हें लेचवर्थनें दाखविलें. 1903 मध्यें वसूं लागलेल्या या पहिल्या उद्याननगराच्या कंपनीचे भाग पुढें बाहेरच्या भांडवलदारांच्या हातीं गेले, आणि 1962 सालीं पार्लमेंटला कायदा करून नगराची मिळकत सार्वजनिक मंडळाकडे द्यावी लागली.

तथापि हॉवर्डच्या वहींत एक रकाना कोरा आहे: शेतीच्या भावानें जमीन देणाऱ्याचा. इंग्लंडांत तो बहुधा मोठा जमीनदार. आपल्याकडे पुष्कळदां कसणाराच मालक असतो, आणि त्यास ‘शेतीचा भाव घे व दूर हो’ म्हणणें ही सुधारणा नव्हे. पुण्याजवळ हडपसर येथें मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनीं 2000 सालाच्या सुमारास हा रकाना स्वतःच भरला. सुमारें 120 कुटुंबांनीं आपली 400 एकरांवर जमीन एकत्र करून कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणांत भाग वांटून घेतले. वाढीव मोल त्यांच्या घरीं राहिलें, हें फार झालें. पण तें साऱ्या नगराच्या तिजोरींत गेलें नाहीं, आणि ऊंस पिकविणारीं शेतें तर गेलींच.

शेतकऱ्याचा वांटा, नगराचा वांटा आणि शेताचा पट्टा हीं तिन्ही एकाच वहींत बसविणें अद्याप राहिलें आहे. म्हणून हॉवर्डचीं चित्रें पाहून पुस्तक मिटणाऱ्यांनीं त्याचीं आंकड्यांचीं प्रकरणें अवश्य वाचावीं. बागा कोणालाही काढतां येतात. वाढलेल्या मोलाचा न्याय्य वांटा ठरविणें कठीण, आणि हॉवर्डची थोरवी त्या कठीण कामास हात घालण्यांत आहे.